वॉटर कॅनन हा हल्ला नाही तर काय आहे?

आज सकाळी ग्रुपवर परत तसलाच व्हिडिओ, चिनी कोस्ट गार्डचं अवाढव्य जहाज आणि समोर फिलिपिन्सच्या मच्छीमारांची लाकडी होडी, वरून पाण्याचा नुसता मारा. खाली एकाची कमेंट, "अमेरिका आहे ना पाठीशी, कसली काळजी." डोकंच फिरलं माझं.

जहाजावर आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) फिलिपिनो होता, झांबालेस प्रांतातला. त्याचा थोरला भाऊ स्कारबरो शोलला मासेमारीला जायचा, म्हणजे दक्षिण चीन समुद्रातला उथळ खडकाळ भाग, फिलिपिन्सच्या लुझॉन बेटापासून साधारण २२० किमी. बोसन मेसरूमच्या टेबलावर मिठाची डबी ठेवायचा, हे शोल, मग केचपची बाटली तिच्या तोंडाशी आडवी, हा चीन, आता सांग माझा भाऊ कुठून आत जाणार? २०१२ पासून ती बाटली तिथून हललेली नाही! २०१६ ला हेगच्या लवादाने निकाल दिला की इथे मच्छीमारांना अडवणं बेकायदा आहे. चीनने तो मानलाच नाही.

आणि अमेरिका-फिलिपिन्सचा संरक्षण करार तर १९५१ चा आहे. सशस्त्र हल्ला झाला तर अमेरिका मदतीला येणार. चीनला हे पाठ आहे, म्हणून तो गोळी झाडतच नाही, पाणी मारतो, लेझर मारतो, बोटीला बोट ठोकतो. १७ जून २०२४ ला त्याच समुद्रातल्या सेकंड थॉमस शोलला तर कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन आले, एका नौसैनिकाचा अंगठा गेला. तरी करारात बसत नाही म्हणे. मग बसतं तरी काय, माणूस मेल्यावरच येणार का सगळे?

ठीक आहे, अमेरिका नसती तर एव्हाना स्कारबरोला चीनची धावपट्टी झाली असती, त्याने मिसचीफ रीफ या खडकावर बांधली तशी, हे मान्य. पाण्याच्या फवाऱ्यावरून कोणी महायुद्ध पेटवू नये हेही मान्य. पण २०२३ ला फिलिपिन्सने अमेरिकन सैन्यासाठी आणखी चार तळ उघडले, जपान-ऑस्ट्रेलियासोबत गस्ती झाल्या, आपण २०२४ ला फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोचवलं (मला अभिमान आहे त्याचा, खरंच), आणि बोसनचा भाऊ आता ट्रायसिकल (तिथली रिक्षा) चालवतो. समुद्र सोडला त्याने. बोसन हे सांगताना चिडायचा पण नाही, बाटली उचलून जागेवर ठेवायचा आणि ड्युटीला जायचा. मलाच जेवण जायचं नाही.

संयुक्त सरावाचे फोटो पुरे झाले आता. मित्रदेशांच्या कोस्ट गार्डची जहाजं होड्यांच्या सोबत थेट शोलपर्यंत जाऊ देत, मारा पाणी काय मारायचं ते. धोका आहे, पण आत्ता तो सगळा त्या होडीवाल्यांच्याच अंगावर आहे ना! आपण कुठल्या लष्करी युतीत नाही, तरी आपल्या कोस्ट गार्डचंही एक जहाज त्यात असावं असं मला मनापासून वाटतं.