‘घरात बसून लिहिणं सोपं असतं’ या वाक्याला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिकलेली माणसं मतदानाला का जात नाहीत, या माझ्या लेखावर आपण चार ओळी लिहिल्यात. यादीतून नावंच गायब होतात, गावात पैसे वाटून टक्का वाढतो, 2017 चा आकडा चुकलाय, आणि शेवटी, ‘घरात बसून शहरी माणसाला शिव्या घालणं सोपं असतं.’ खाली नाव मात्र नाही.

आकड्याची चूक माझीच. मुंबई महापालिकेचं 45 टक्क्यांच्या आसपासचं मतदान 2012 चं, मी ते 2017 चं म्हणून लिहिलं. 2017 ला ते 55 च्या घरात गेलं. दुरुस्ती केली आहे. त्याने फारसं बिघडत नाही. 2024 च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम 50 टक्के आणि गडचिरोली-चिमूरला जवळपास 72, हे तुम्ही कुठे झाकणार?

आता ‘घरात बसून’. रात्री हे वाक्य मी तीनदा वाचलं. शिव्या मी एकही दिलेली नाही, लेख पुन्हा वाचा. आणि घरात? जिल्हा परिषद शाळेत 27 वर्षं मास्तरकी केली, नऊ निवडणुकांची ड्युटी केली, त्यात तीनदा केंद्राध्यक्ष होतो. 2014 ला गडचिरोलीतल्या नक्षलग्रस्त एटापल्ली तालुक्यात होतो. सुरुंगाच्या भीतीने गाडी नव्हती. मशीनच्या पेट्या घेऊन जवानांच्या मागोमाग जंगलातून चालत गेलो, शाळेच्या फरशीवर झोपलो, पहाटे मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, घेतला. तिथे मतदान दुपारी तीनलाच बंद होणार, म्हणून माडिया आदिवासी बाया उजाडायच्या आत येऊन बसलेल्या. वाटेत झाडांवर नक्षलवाद्यांची मतदान-बहिष्काराची पत्रकं होती. बोटावरची शाई कुणी पाहिली तर काय होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एका म्हातारीचा हात थरथरत होता, तरी तिने बोट मागे घेतलं नाही. ‘पैसे वाटून टक्का’ म्हणताना तुमच्या डोळ्यासमोर कोण होतं? मला ही म्हातारी दिसते, आणि राग येतो.

माझा मुलगा पुण्यात राहतो. त्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 2024 च्या एप्रिलभर देश वाचवण्याचे निरोप फिरत होते. 13 मेला, सोमवारी, मतदान. शनिवार-रविवार जोडून आला, आणि त्याच ग्रुपवर महाबळेश्वरचे फोटो आले. केंद्र गेटसमोरच्या शाळेत होतं. एका खोट्या निरोपाबद्दल मी लिहिलं, तर ‘काका, ग्रुपवर राजकारण नको’ असं उत्तर मिळालं. असाच न तपासता पुढे ढकललेला निरोप 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांच्या जिवावर उठला. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ठेचून मारलं. निरोप न तपासता ढकलायचे आणि मतदानाला मात्र जायचं नाही, याला मी लोकशाहीचं दुखणं म्हणतो, आणि म्हणत राहणार.

यादीतल्या नावांचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे. यादी आधी पाहायची असते, नाव नसेल तर नमुना 6, म्हणजे नाव नोंदवण्याचा अर्ज, भरायचा असतो. त्यावर आणखी काय लिहू?

पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली आपलं नाव लिहा, आणि मतदारसंघही. यादीत नाव सापडलं नाही, तर अर्ज भरायला मी स्वतः येईन.