भोकंच जुळत नाहीत!

सुटे भाग आणून घरीच जोडायचं हे तिसरं कपाट, आणि तिसऱ्यांदा तेच! उभ्या फळीतली भोकं एकीकडे, आडवीतली दुसरीकडे. फरक जेमतेम 2 मिलिमीटरचा, पण कॅम लॉकला, म्हणजे बोल्टचं डोकं पकडून दोन फळ्या आवळणाऱ्या गोल फिरकीला, तेवढाही चालत नाही. बोल्टचं डोकं खाचेत शिरतच नाही. जरा जोर लावला की कडेचा भुसा भुरुभुरु खाली आणि स्क्रू जागच्या जागी गरगर फिरतोय. भुसा आणि चिपा गोंदात दाबून केलेला पार्टिकल बोर्ड तो, त्यातले आटे एकदा गेले की गेले. हे बनवणाऱ्यांना माहीत नसतं का? चांगलं माहीत असतं! मग भोक पाडतानाच नीट मोजायला काय होतं?

सूचनांच्या कागदावर अक्षर एक नाही, नुसती चित्रं. फळीची गुळगुळीत बाजू आत की बाहेर, हे सातव्या पायरीला हवं असतं आणि कळतं बाराव्या पायरीला. तोवर सगळं पिळून झालेलं. पुन्हा सोडवायचं म्हटलं तर तीच भोकं आणखी ढिली होणार.

पण खरा संताप येतो तो पाठीमागच्या पातळ हार्डबोर्डचा. सगळं कपाट काटकोनात धरून ठेवतो तो तोच. तो नीट बसला नाही की सांगाडा तिरका होतो, दारं एकमेकांना घासतात. आणि नेमका तोच वाकडा कापलेला! काय म्हणायचं याला?

आत्ता ते कपाट भिंतीला टेकवून उभं केलंय. डावं दार लागत नाही. स्क्रूही एक कमीच निघाला.