यात नशीब कुठलं?
डच फुटबॉलपटू व्हॅन बास्टेनची कारकीर्द 'नशिबाने' संपली हे तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. त्याचा घोटा १९८६ मध्येच दुखावला होता, तरी खेळणं चालूच. १९९३ ची युरोपियन फायनल हा शेवटचा सामना, वय २८! १९९५ ला निवृत्ती. विश्रांती कधी मिळाली, तेही लिहा की.

आमच्या बडोद्यात धाकट्या भावाचं तेच झालं. पोलो ग्राउंडवर वळताना गुडघ्यात 'टक्' झालं, मला रेषेबाहेर ऐकू आलं. 'मुरगळलाय' म्हणत क्रेप बँडेज, आईचा आंबेहळदीचा लेप, आणि तीन आठवड्यांत पठ्ठ्या पुन्हा मैदानात. एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तुटल्याचं एमआरआयमध्ये कळलं, तोवर गुडघ्यातली गादीही फाटलेली. आता दांडिया बाजारातल्या घराचा जिना कठडा धरून उतरतो.