जामखेडची गोष्ट फक्त दोन डॉक्टरांची नाही

जामखेडबद्दलचा एक मजकूर दर थोड्या महिन्यांनी फिरत येतो. कधी डॉक्टर दिनाला, कधी महिला दिनाला. त्यात शब्द इकडचे तिकडे होतात, पण गोष्ट तीच असते. अमेरिकेत शिकलेलं एक डॉक्टर जोडपं तिथलं सुखाचं आयुष्य सोडून १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. त्यांनी तिथे मोठं हॉस्पिटल उभारलं, अडाणी बायकांना डॉक्टर केलं, बालमृत्यू जवळजवळ संपवले. त्यावरून जगाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय सांगणारा आल्मा-आटाचा जाहीरनामा लिहिला आणि सरकारने तीच योजना ‘आशा’ या नावाने देशभर नेली.

मजकूर कौतुकाचा आहे, त्यामुळे कोणी तपासायला जात नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा मजकूर वाचून जीव तुटतो. आरोग्य डॉक्टरांच्या मुठीतून सोडवून लोकांच्या हाती द्यायचं, यासाठी दोघांनी आयुष्य घातलं. मजकुरात मात्र ते पुन्हा डॉक्टरांच्याच मुठीत गेलंय.

आधी अमेरिकेचं बघू. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झालं आणि लग्न १९६० साली. साठच्या दशकात त्यांनी काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. जामखेडची गोष्ट खरी तिथे सुरू होते. दिवसरात्र रुग्ण यायचे, बरे होऊन घरी जायचे आणि पुन्हा यायचे. हगवणीने सुकलेलं पोर सलाईनवर तरतरीत व्हायचं, घरी जाऊन तेच पाणी प्यायचं, आणि काही दिवसांनी आई त्याला पुन्हा काखेला मारून दारात उभी असायची. आपल्याकडे येणारे बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे आहेत आणि हॉस्पिटलात बसून ते थांबणार नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यानंतर ते अमेरिकेला गेले. तिथे पुढचं वैद्यकीय शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि ठरल्याप्रमाणे आपल्याच जिल्ह्यात परत आले. म्हणजे अमेरिका हा मधला मुक्काम होता. ‘सगळं सोडून आले’ असं म्हटलं की त्यागाची गोष्ट होते आणि वडाळ्यात जे उमगलं ते त्यात झाकलं जातं.

आता ‘मोठं हॉस्पिटल’. काम सुरू झालं ते जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात. पुढे इमारत झाली, शस्त्रक्रियेची सोय झाली, खाटा वाढल्या, पण ते तालुक्याच्या गावातलं छोटं हॉस्पिटलच राहिलं. आणि तसं ते जाणूनबुजून ठेवलं होतं. अडलेली बाळंतपणं, सर्पदंश, भाजलेली माणसं, गावात निभावता येणार नाही ते सगळं तिथे यावं आणि बाकीचं गावातच निभावावं, अशी ती रचना. खाटा वाढणं हे यश मानायचं नाही, असं ठरवून चालवलेलं हे हॉस्पिटल आहे.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण मजकुरात तिचा मागमूसही नाही. जामखेड म्हणजे अवर्षणाचा पट्टा. बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांना खेटलेला तालुका, ज्वारी-बाजरीचा, ऊसतोडीला गावंच्या गावं बाहेर पडणारा. अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यातलं. आरोळे आले आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. लसीकरण आणि स्वच्छतेबद्दल ऐकायला लोकांना सवड कुठली, त्यांना पाणी हवं होतं आणि खायला हवं होतं. मग काम आधी तिथूनच सुरू झालं: मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक, आणि कूपनलिका.

कूपनलिका कुठे घ्यायची हे भूजलाचे जाणकार खुणा करून सांगतात. गावात पाणी लागण्यासारख्या जागा दोन-चार असतात. आरोळ्यांनी त्या जाणकारांना सांगून ठेवलं होतं की खूण दलित वस्तीतच करायची. गावाला सांगितलं गेलं, पाणी इथे आहे. झालं. ज्यांना विहिरीवर शिवू देत नव्हते त्यांच्या दारातल्या हापशावर अख्खं गाव घागरी घेऊन रांगेत उभं राहिलं. पुरुषांना एकत्र आणायला गावोगाव व्हॉलीबॉलचे सामने लावले. जाळ्याच्या एका बाजूला उभं राहिलं की कोण कुठल्या जातीचा हे बघत बसता येत नाही. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली, पुढे महिला मंडळं. पोराची हगवण आणि पाण्याची वाट यांचा संबंध ज्याला कळला तोच आरोग्याचं काम कूपनलिकेपासून सुरू करतो. ‘हॉस्पिटल उभारलं’ एवढ्यावर गोष्ट आटोपली की हे सगळं गळून पडतं.

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘अडाणी बायकांना डॉक्टर केलं’ हे वाक्य.

मुळात आरोळ्यांची पहिली योजना वेगळीच होती. त्यांनी गावांत शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. तरुण, बाहेरगावची, एकटी बाई खेड्यात राहायला घाबरायची आणि गावातल्या बायका तिच्याकडे मन मोकळं करायच्या नाहीत. तेव्हा गावातलीच बाई निवडून तिला शिकवावं, असं ठरलं, आणि ही सूचना गावकऱ्यांकडून आली, एका सरपंचाकडून. योजना फसली हे मान्य करून डॉक्टरांनी गावाचं ऐकलं. मजकुरात हे असतं तर मी तो स्वतः चार ठिकाणी पाठवला असता.

निवडून आलेल्या बायका बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या, कितीतरी दलित, कितीतरी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या. पहिल्या पहिल्यांदा वरच्या जातीच्या बायका दलित बायकांशेजारी झोपायला तयार नव्हत्या. म्हणून पांघरुणं एकमेकांना शिवून एकच मोठं पांघरूण केलं. थंडी वाजली की सगळ्यांनी त्याच एका पांघरुणात शिरायचं. त्या रात्रींत ज्या गप्पा झाल्या असतील त्या कुठल्या अभ्यासक्रमात बसतील?

आणि त्या शिकल्या काय? नाळ विळ्याने कापायची नाही. नवं ब्लेड घ्यायचं, दोरा उकळायचा, हात साबणाने धुवायचे. एवढ्याने धनुर्वाताने जाणारी पोरं वाचतात. हगवण लागलेल्या मुलाला एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाजण्याआधी स्वतः चव बघायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं. मुलांची वजनं घ्यायची. तीन-तीन आठवडे खोकणारा माणूस हेरून त्याला तपासणीला पाठवायचं. अंगावरच्या बधिर चट्ट्याला टाचणीने टोचून बघायचं आणि महारोग निघाला तरी त्या माणसाला गावाबाहेर काढू द्यायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, आणि ते डॉक्टरला जमत नाही. भावकीत बसून चार शब्द सुनावण्याची ज्या बाईची पत आहे तिलाच ते जमतं.

त्या डॉक्टर झाल्या नाहीत आणि तसं त्यांना व्हायचंही नव्हतं. आपल्या हाताबाहेरचं काय हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं आणि ते जामखेडच्या हॉस्पिटलात पाठवायच्या. पगार नव्हता. पोटापाण्यासाठी शेळ्या, बांगड्या विकणं असे छोटे उद्योग आणि त्यासाठी कर्जाची सोय. त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी आपल्या तेलाच्या दिव्याशी तुलना केली: तो झगमगाट महाग आहे, पण त्याच्यावरून दुसरा दिवा लावता येत नाही, आमच्या पणतीवरून येतो. या बाईला ‘अडाणी’ म्हणून पुढे ‘डॉक्टर’ची पदवी बहाल करणं म्हणजे तिच्याजवळ होतं ते ज्ञान मोजायचंच नाही असं ठरवणं.

बालमृत्यूच्या आकड्यांबाबत मात्र मला कौतुक करणाऱ्यांशी थोडं कडक बोलावं लागेल. १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ आणि पुढे विशीच्या आसपास, हे आकडे मजकुरात असतात. ते प्रकल्पाने स्वतः ठेवलेल्या नोंदींचे आहेत. नोंदी खोट्या आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच काळात अख्ख्या महाराष्ट्रात बालमृत्यू खाली आले. रस्ते आले, लसी आल्या, पाणी आलं, मुली शिकल्या. सगळी घट जामखेडच्या प्रकल्पाच्या खात्यावर टाकायची कशी?

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न झालेला आहे. प्रकल्पातली गावं आणि आजूबाजूची तशीच इतर गावं यांची तुलना करणारा अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. त्यात दिसलं ते असं: पहिला महिना पार केलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आत मरण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक आढळला नाही. ३० टक्के ही लहान गोष्ट नाही. शेजारची गावंही सुधारत असताना एवढं अंतर राखणं हे त्या बायकांच्या कष्टाचं खरं माप आहे आणि मला ते १७६ पेक्षा जास्त मोलाचं वाटतं. पण ‘बालमृत्यू संपवले’ असं म्हणता येत नाही.

पहिल्या महिन्याचं कोडं पुढे महाराष्ट्रातच दुसरीकडे हाताळलं गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं: बाळ ऊबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि तो अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जामखेडला जे झालं नाही ते मान्य केलं तरच गडचिरोलीने काय केलं ते कळतं. सगळं श्रेय एकाच नावावर चढवलं की हा धागा तुटतो.

आल्मा-आटाचंही तसंच. १९७८ च्या जाहीरनाम्यामागे जामखेडचा वाटा होता, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातातल्या आरोग्याचे जगभरचे प्रयोग एका पुस्तकात आणले, त्यात जामखेडवर आरोळ्यांचं प्रकरण आहे. पण त्याच पुस्तकात चीन आहे, क्यूबा आहे, टांझानिया आहे, ग्वाटेमाला आहे. आपल्या राज्यात पुण्याजवळ वढू, रायगडमध्ये मांडवा इथेही असे प्रयत्न झाले. एवढ्यांच्या पंगतीत जामखेडचं पान होतं, यात कमीपणा काय? १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं ते काही कुणी आल्मा-आटाचं एकट्याचं श्रेय दिलं म्हणून नाही.

राहिली ‘आशा’. देशव्यापी आरोग्य स्वयंसेवकांची पहिली सरकारी योजना आली २ ऑक्टोबर १९७७ ला. तिच्यात बहुतेक पुरुष भरले गेले आणि ती हळूहळू विरून गेली. ‘आशा’ आली २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर, आणि गावातलीच बाई हवी ही गोष्ट तिने नक्की उचलली. पण तिच्या सुरुवातीच्या अटी वाचा: वय शक्यतो २५ ते ४५, शिक्षण किमान आठवी, मोबदला कामागणिक. अमुक बाळंतपण दवाखान्यात नेलं की इतके, लसीकरण पूर्ण केलं की तितके. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या किती बायका या अटींत बसल्या असत्या? सही न येणाऱ्या बाईचा अर्ज तर पहिल्याच टेबलावरून परत आला असता.

आज ‘आशा’ताईंवर कामाचा डोंगर आहे, नोंदवह्या आहेत, ॲप आहेत, आणि हक्काच्या मोबदल्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. ‘जामखेडचीच योजना सरकारने देशभर नेली’ असं लिहिणारा माणूस नकळत या बायकांवर अन्याय करतो, कारण मग प्रश्न उरतो तो ‘जामखेडला जमलं, तुम्हाला का जमत नाही?’ असा. जामखेडच्या बाईमागे आठवड्याला भेटणारे डॉक्टर होते, पाठीशी मंडळ होतं, हाकेच्या अंतरावर विश्वासाचं हॉस्पिटल होतं. ‘आशा’च्या मागे यातलं किती आहे, हे तिलाच विचारावं.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम त्यानंतरही चालू राहिलं. ‘आशा’चं सुरुवातीचं प्रशिक्षण ठरलं २३ दिवसांचं. जामखेडच्या बायकांचा आठवड्याचा वर्ग कधी पूर्ण झालाच नाही. वीस-वीस वर्षं काम केलेल्या सेविकाही नव्याने आलेल्या बाईशेजारी बसून, आपल्या गावात या आठवड्यात कोण आजारी पडलं, कोण बाळंत झालं आणि आपण कुठे चुकलो, ते सांगत राहिल्या.