प्रजासत्ताक दिनी दिल्ली टाळू नये
२६ जानेवारीच्या आसपास रस्ते बंद असतात, जागोजागी तपासणी होते, म्हणून पर्यटकांनी त्या दिवसांत दिल्लीला जाऊ नये, असा सल्ला एका लेखात वाचला; तो मला पटत नाही. पहाटेच्या गारठ्यात रांगेत उभे राहून कर्तव्यपथावर पोहोचल्यावर, आजवर केवळ दूरचित्रवाणीवर पाहिलेले संचलन डोळ्यांसमोरून जाऊ लागते तेव्हा ऊर भरून येतो. २०१५ मध्ये पंढरीच्या वारीवरचा आपल्या महाराष्ट्राचा चित्ररथ इथेच पहिला आला होता, हेही त्या क्षणी आठवते. ज्यांना ही दगदग झेपणार नाही, त्यांनी २९ जानेवारीला विजय चौकातील ‘बीटिंग रिट्रीट’ हा लष्करी बँडवादनाचा समारोप सोहळा अवश्य पाहावा. सूर्यास्ताला ध्वज उतरवला जातो आणि त्यानंतर राष्ट्रपती भवनाचा सारा परिसर दिव्यांनी उजळून निघतो. तिकिटे मात्र आधीच काढावीत.