परदेशी बिऱ्हाड थाटणाऱ्या उभयतांसाठी काही हितोपदेश

मुले पुण्याला किंवा बंगळुरूला स्थिरावली, निवृत्तीचा फंड खात्यावर जमा झाला आणि परभणीच्या घराची किल्ली भाच्याच्या स्वाधीन केली, की उभयतांनी वर्ष-दीड वर्षाच्या जगभ्रमंतीला निघायला कोणतीच हरकत उरत नाही. आठ दिवसांत चार देश उरकणाऱ्या टूरवाल्यांचे गिऱ्हाईक तुम्ही नव्हेच. तुम्ही प्रत्येक देशात तीन-तीन महिने बिऱ्हाड करून अगदी तिथल्या माणसांसारखे राहणार आहात, आणि तसे कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलेले असल्यामुळे आता माघार घेण्याची सोयही उरलेली नाही. पहिला मुक्काम व्हिएतनामात, हनोई शहरात आहे असे समजून पुढील सूचना केल्या आहेत.

ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो आणि एकदाच प्रवेश करायचा असल्यास त्याला २५ डॉलर पडतात. त्यावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. म्हणूनच हा अर्ज यजमानांनी एकट्याने, रात्री जेवणानंतर, चष्मा न शोधता भरावा. सौभाग्यवतींनी ‘एकदा बघू का?’ असे विचारल्यास ‘मी तीस वर्षे ऑफिसात हेच केले आहे’ असे सांगून विषय संपवावा. नवऱ्याचे नाव कोणत्या रकान्यात गेले आहे, हे देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठून विमानतळाच्या काउंटरवर उभे राहिल्यावरच कळलेले बरे. घरी कळले तर दुरुस्ती करता येते आणि प्रवासातली सगळी गंमतच जाते.

हनोईच्या विमानतळावर उतरताच पहिल्या तासात तुम्ही लक्षाधीश होता. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळत असल्यामुळे पन्नास लाख डाँग खिशात घालून बाहेर पडण्याचा मान निवृत्त कारकुनालाही मिळतो. तिथली वीस हजारांची नोट निळसर असते, पाच लाखांची नोटही निळसर असते, दोन्हींवर हो चि मिन्ह असतात, आणि एकीची किंमत जेमतेम सत्तर रुपये तर दुसरीची दीड हजाराच्या पुढे असते. या नोटा एकाच कप्प्यात ठेवाव्यात आणि टॅक्सीत, अंधारात, घाईने मोजाव्यात. विमानतळावरून शहरातल्या रेल्वे स्थानकापर्यंत ८६ क्रमांकाची नारिंगी बस जाते, पण तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. बसमध्ये भांडायला कोणी भेटत नाही.

मुक्कामी पोचल्यावर घरमालक पासपोर्ट मागेल. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र ही माहिती तुम्हाला नसणेच चांगले, म्हणजे पासपोर्ट परत मिळेपर्यंत तुम्ही त्याच्याकडे संशयाने पाहत उभे राहू शकता आणि तिथल्या समाजाशी स्नेहसंबंधांचा शुभारंभ होतो.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण परदेशाशी खरी गाठ तिथेच पडते. भाड्याच्या खोलीत गॅस नसून इंडक्शनची शेगडी असण्याचाच संभव अधिक. तुम्ही बावीस किलोच्या बॅगेत कपड्यांना रजा देऊन जो ॲल्युमिनियमचा कुकर आणला आहे, तो तिच्यावर ठेवताच ती चार वेळा किंचाळते, एक अगम्य अक्षर दाखवते आणि मान टाकते. यावर कुकर बाजूला करून पुन्हा ठेवावा, मग जरा जोराने ठेवावा. त्यानंतर यजमानांनी शेगडीच्या खाली वाकून पाहावे. खाली पाहण्यासारखे काही नसते, पण पुरुषाने वाकून पाहिले की घराला धीर येतो. अखेरीस त्या शेगडीला चालेल अशा बुडाचे पातेले विकत आणले जाते आणि त्यात खिचडी शिजते. भाकरीचे मात्र तसे नाही. सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी दोन-तीन आठवड्यांत गेलेली असते, त्यामुळे भाकरी थापतानाच कडेने चिरा पडतात. तरीही ती तव्यावर जाते, पाणी फिरवले जाते, उलटली जाते आणि दुसऱ्या बाजूने शेकायची वेळ आली की काकू हातातला उलथना तसाच धरून विचारतात, ‘अहो, ह्याला जाळच नाही, तर भाकर फुगायची कशी?’ या प्रश्नाला व्हिएतनाम सरकारकडे उत्तर नाही. अशा वेळी यजमानांनी ‘इथे आलोय तर इथले खाऊ’ असे म्हणावे आणि पुढचे दोन तास गॅलरीत काढावेत.

इथले खायचे म्हटले तरी शाकाहारी दाम्पत्याची अगदीच उपासमार होत नाही. ‘चाय’ असा फलक असलेल्या खानावळीत चहा मिळत नाही. तिथे शाकाहारी जेवण मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिकडचे अनेक बौद्ध लोक आपण होऊन मांस-मासे वर्ज्य करतात. एकादशी आणि चतुर्थी पाळत वाढलेल्या माणसाला हे ऐकून जवळचा नातलग भेटल्यासारखे वाटायला हवे. परंतु तुम्ही त्याकडे दुर्लक्ष करून शहरातले एखादे ‘नॉर्थ इंडियन’ हॉटेल शोधावे आणि चौपट दराने पनीर बटर मसाला खाऊन ‘आपल्यासारखी चव नाही’ असा शेरा मारावा. तोच पदार्थ परभणीत कधी मागवला नव्हता, ही गोष्ट उभयतांनी एकमेकांना सांगू नये. लसणात परतलेली नाळीची भाजी आवडली तर अवश्य खावी, फक्त तिच्यात माशाचा सॉस घातला आहे का, हे विचारायचे ते ताट रिकामे झाल्यावर.

रस्ता ओलांडण्याबाबत तिथले लोक सांगतात की एका संथ गतीने चालत राहावे, मध्येच थांबू नये, दुचाक्या आपोआप बाजूने निघून जातात. मराठवाड्यातल्या माणसाला हे शिकवण्याची गरज नाही, असे मानून तुम्ही उतरावे आणि वाहने उजव्या बाजूने धावतात हे विसरून भलत्याच दिशेला बघावे. स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह तर आवरूच नये. आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो. म्हणजे तिथे तुम्ही विनापरवाना असता आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकायला आयतेच निमित्त मिळते. परंतु हे वाचायला वेळ कोणाला आहे?

तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली, तिचे नाव दौलताबाद ठेवले आणि काही वर्षांतच सारा बाडबिस्तरा दिल्लीला परत गेला. सुलतानाला जे साधले नाही, ते तुम्ही दोन बॅगांनिशी दर तीन महिन्यांनी करणार आहात. त्यात शिवाय ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण लहानपणापासून पाठ असल्यामुळे व्हिएतनामला पहिल्या दोन क्रमांकांत जागाच नाही, हे आधीच ठरलेले आहे.

देशाशी जुळवून घेण्यापेक्षा एकमेकांशी जुळवून घेणे अवघड, हे मात्र कोणी सांगत नाही. परभणीत ऑफिस, कट्टा, भिशी आणि भजनी मंडळ यांच्यामुळे तुमचे दाम्पत्यजीवन रोज जेमतेम दोन-तीन तासांचे होते, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. आता एकाच खोलीत चोवीस तास आहेत, आणि भाषा येणारा दुसरा माणूस मैलभर नाही. तेव्हा भांडण झाल्यास ते तलावाकाठी करावे. हनोईत तलाव पुष्कळ आहेत. तिथे मोठ्याने बोलले तरी कोणाला कळत नाही आणि शेवटी फोटोही काढता येतो, जो ग्रुपवर टाकल्यावर ‘छान जोडी’ असे सतरा अंगठे येतात.

महिन्याभराने भाच्याचा फोन येईल. हनोईचे जुने पेठ-वाडे, अंड्याची कॉफी किंवा अरुंद, उंच घरे यांबद्दल तो काही विचारणार नाही. तो विचारेल, ‘मामा, तिकडं नळाला पाणी किती दिवसाला येतंय?’ ‘रोज येतं’ असे ठणकावून सांगावे. ते पिता येत नाही, आणि वीस लिटरचा जार दुचाकीवर बांधून घरपोच करणारे पोर तिथेही दर चार दिवसांनी येते, याची वाच्यता करू नये.