मे महिना आणि प्रायमरचा छळ

दर उन्हाळ्यात तेच! नागपुरात पारा 45 वर जातो आणि रंगवायच्या 28 मिमीच्या प्लास्टिक एलियन सैनिकावर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारावं तर स्प्रेचे थेंब अंगाला लागायच्या आधीच हवेत सुकून राहिले, मग गुळगुळीत पाहिजे त्या कवचावर रवाळ पावडर बसते आन् सांध्यांच्या बारीक रेघा पार बुजतात. इतकं चांगलं मॉडेल, काय राग येते राजेहो! पहाटे गच्चीवर मारलं तरच जमते. आत फॅन लावला की ॲक्रेलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, वेट पॅलेटशिवाय (रंग ओला ठेवणारी पाटी) जांभळं-हिरवं ब्लेंडिंग विसराच. आणि सीताबर्डीच्या बाजारात मॉडेलचे रंग विचारा, हातात फॅब्रिकचे रंग ठेवतात, अरे प्लास्टिकवर ते नखानं निघतात ना भाऊ!! ऑनलाइन मागवा तर स्प्रे कॅन विमानानं येत नाही, बसा वाट पाहत.